मेणात बसवलेले पडदे

डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना लागला की मद्रासची माणसं कानाला मफलर गुंडाळतात. पुण्याहून आलेला माझा जावई दरवर्षी हसतो. म्हणतो, याला थंडी म्हणत नाहीत, पंखा बंद केला म्हणतात. मी वाद घालत नाही. पंच्याऐंशी ओलांडलेल्या माणसाला दव बाधतं, आणि इथलं दव मार्गळीतच पडतं. पूर्वी पहाटे वेस्ट मांबलमच्या गल्लीत दारादारापुढे सडा, पिठाची रांगोळी आणि रांगोळीच्या मधोमध शेणाच्या गोळ्यात खोचलेलं भोपळ्याचं पिवळं फूल असे. आता आमच्या इमारतीच्या जिन्यावर रांगोळीचे छापील कागद चिकटवतात. देवळाचा कर्णा मात्र तसाच आहे, आणि कॉफीच्या डिकॉक्शनचा वासही तसाच.

या महिन्यात लोकांना मैफली आठवतात. कुठल्या सभेत कोण गायलं, कुणाचा मृदंग रंगला, कोणत्या कॅन्टीनचा डोसा कुरकुरीत होता. मला मेणाचा वास आठवतो. काजळी मिसळून तापवलेल्या मेणाचा. तो आठवला की आजूबाजूला कुणी नसलं तरी माझी मान खाली जाते.

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलतो ती मराठी ऐकून पुण्याची माणसं आधी गोंधळतात, मग कौतुक करतात. लिहायची मराठी मी पुस्तकं वाचून शिकलो, म्हणून हे लिहिणं जरा इस्त्री केल्यासारखं वाटेल. पण आज जे लिहायचं आहे ते चुरगळलेलंच आहे, आणि ते मी साठ वर्षं खिशात ठेवलं आहे.

साठ सालच्या आगेमागे आम्ही चौघं दर रविवारी दुपारी उकुलेले वाजवत असू. कर्नाटक संगीताच्या या शहरात चार तारांचं ते खेळण्यासारखं वाद्य वाजवणं म्हणजे देवळापुढे शिट्टी फुंकण्यासारखंच. आम्हाला ते शिकवलं आर्थरनं. आर्थर अँग्लो-इंडियन, रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड, पेरंबूरला राहणारा. एका खलाशाकडून त्यानं पहिली उकुलेले घेतली होती. माझ्या हातात होती ती त्याचीच जुनी, उसनी दिलेली. दुसरा सेतू, सेतुमाधवराव, माझा शाळेपासूनचा मित्र. तिसरी त्याची थोरली बहीण लीलाक्का, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. तिला दोनच कॉर्ड येत. तिसरी शिक म्हटलं की म्हणे, "दोनांत भागतंय ना? मग कशाला वाढवायचं?" आणि चौथा मी, किट्टू, नुंगंबाक्कमच्या एका सरकारी कचेरीत कारकून.

बैठक सेतूच्या गच्चीवर भरे. एका बाजूला लीलाक्काचे वडाम, तांदळाचे पापड, वाळत, दुसऱ्या बाजूला आम्ही. मांबलम स्टेशनात गाडी शिरली की आर्थर वाजवता वाजवता मनगटावरचं घड्याळ बघे आणि मान हलवे. "दोन मिनिटं लेट. माझ्या वेळी असं नव्हतं."

दर मार्गळीत आम्ही एकमेकांना भेटी देत असू. विकत आणलेलं काही चालायचं नाही. स्वतःच्या हातानं केलेलं आणि उकुलेलेला उपयोगी पडणारं हवं. चारही वस्तू एका सुपात ठेवायच्या, वर पंचा झाकायचा आणि पाळीपाळीनं हात घालून एकेक काढायची. पहिल्या वर्षी मी जुन्या चपलेच्या कातड्याची, तार छेडायची एक पात कापली होती. ती आर्थरच्या हाती लागली. लीलाक्कानं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "किट्टू, ही कोणत्या पायाची?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्याच सुपातून सेतूनं करवंटीची घासून केलेली पात निघाली होती. काचेसारखी गुळगुळीत, कडेला कागदाइतकी पातळ. ती बघताना माझा चेहरा पडला असावा, कारण आर्थरनं तो पाहिला. पुढच्या वर्षी त्यानं एक नियम घातला. कोणती वस्तू कुणी केली हे करणाऱ्यानं सांगायचं नाही आणि घेणाऱ्यानं विचारायचं नाही. ओळखलं तर मनात ठेवायचं. ज्यानं केलं त्यानं स्तुतीची वाटही बघायची नाही.

तो नियम माझी लाज राखण्यासाठी झाला होता, हे सगळ्यांत आधी सांगायला हवं. मी तो पुढे कशासाठी वापरला ते त्यानंतर.

नियमानं गंमत वाढली. गार्डच्या लाल-हिरव्या झेंड्याच्या कापडाचा पट्टा सुपातून निघाला, तेव्हा आम्ही तिघं अतिशय गंभीर चेहऱ्यानं आभाळाकडे बघत राहिलो. जुन्या नऊवारी रेशमी साडीची, आतून कापूस भरून टिपलेली खोळ निघाली, तेव्हा लीलाक्काच म्हणाली, "कुणी केलीय कोण जाणे, पण टाके सरळ आहेत हं." चिंचेच्या लाकडाच्या खुंट्या निघाल्या, दमट हवेतही त्या सरकत नसत. माझ्याही वस्तू असत. हातानं बांधलेली वही, दोऱ्याचा गोंडा. त्या घेणारा कधी हसला नाही. नियमच होता.

सेतूच्या हातांबद्दल लिहायला हवं, कारण ते कुणीच लिहिलेलं नाही. त्याचा मामा तंजावरला वीणा घडवत असे. लहानपणी सुट्टीत सेतू त्याच्याकडे जाई आणि भुसा, रंधा, सरस यांतच राही. पण वडील लवकर गेले. मग मॅट्रिक होताच त्याला जॉर्ज टाउनमधल्या मिरची-हळदीच्या एका घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामात लिखापढीच्या कामाला बसावं लागलं. गोदामात दिवसभर मिरचीची धूळ. त्याची छाती मुळात नाजूक, त्यात तो खकाणा. रविवारी दुपारपर्यंत त्याचा खोकला जरा बसे आणि सोमवारी पुन्हा उठे. लीलाक्का म्हणायची, "याला कुणी लाकडाच्या धुळीत बसवलं तर बरा राहील. ती तरी गोड असते." त्याला तेच हवं होतं. कुठल्यातरी वाद्याच्या दुकानात दुरुस्तीचं बाकडं. पण तो कुणाकडे मागायला जाणारा नव्हता. आपलं काम कुणीतरी बघावं आणि आपणहून बोलवावं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा.

एका वर्षी आवणीच्या, म्हणजे श्रावण-भाद्रपदाच्या, सुमाराला मी न सांगता त्याच्याकडे गेलो. मागच्या पडवीत स्टोव्हवर वाटीत काळं मेण वितळत होतं. सेतू मांडी घालून बसला होता आणि त्याच्या मांडीवर फणसाच्या लाकडाची, अजून तारा न लावलेली एक लहानगी उकुलेले होती. कोळ्यांच्या जाळ्याच्या नायलॉनची एकच तार त्यानं तात्पुरती बांधली होती. उकुलेलेच्या मानेवर त्यानं मेणाची पट्टी अंथरली होती आणि तिच्यात पितळेचे बारीक पडदे बसवत होता. एक पडदा दाबायचा, तार छेडायची, तोच सूर हळू गुणगुणायचा, डोळे मिटायचे आणि नखानं पडदा केसभर सरकवायचा. मध्येच खोकला येई. तो संपेपर्यंत थांबायचा, पुन्हा सूर लावायचा.

उकुलेलेचे पडदे असे कुणी बसवत नाही. ते मोजपट्टीनं मापून, खाच पाडून ठोकतात. मेणात बसवतात ते वीणेचे. पण सेतूला पडदा बसवायचा म्हणजे तो मेणातच, कानानं, हे एवढंच ठाऊक होतं.

मला बघताच त्यानं उकुलेलेवर टॉवेल टाकला.

"तू काही पाहिलं नाहीस, डा."

"काय पाहिलं नाही?"

"सेरी," तो हसून म्हणाला, म्हणजे बरं. "तसाच राहा."

मार्गळीत सूप आलं तेव्हा पंच्याखालून उकुलेलेची मान बाहेर डोकावत होती. लीलाक्का म्हणाली, "सुपात मांजर निजलंय वाटतं." आर्थर म्हणाला, "आज किट्टू पहिला. याच्याकडे स्वतःचं वाद्य नाही." सगळ्यांना सगळं माहीत होतं. मी हात घातला आणि ती बाहेर काढली. सेतू कठड्यावरचे कावळे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

आर्थरनं ती हातात घेतली, पडद्यांवरून बोट फिरवलं आणि ओरडला, "मेण! मद्रासमध्ये! अरे, मे महिन्यात हे पडदे वितळत बंगलोरला जातील!" मग त्यानं वाजवली. दोन कॉर्ड वाजवून तो थांबला, पुन्हा वाजवल्या. त्यानंतर मे महिन्याबद्दल काही बोलला नाही. फणसाचा आवाज जरा जड, पण गोड होता, आणि एकही पडदा बेसूर नव्हता. नियमाप्रमाणे आम्ही कुणीच काही म्हणालो नाही. आज वाटतं, त्या गच्चीवर आम्ही जरा जास्तच शिस्तीचे होतो.

नाताळच्या आठवड्यात पेरंबूरला रेल्वेच्या लोकांचा संध्याकाळचा कार्यक्रम होता. आर्थरनं मला त्यात वाजवायला नेलं. सेतूही येणार होता, पण दव पडायला लागलं आणि लीलाक्कानं त्याला बाहेर पडू दिलं नाही. मी दोन गाणी वाजवली. टाळ्या झाल्या. मी खाली उतरलो तेव्हा पांढऱ्या सुटातले एक वयस्क गृहस्थ पुढे आले. माउंट रोडवर त्यांचं पियानो आणि गिटार विकण्या-दुरुस्त करण्याचं जुनं दुकान होतं. त्यांनी उकुलेले मागून घेतली, चष्मा कपाळावर चढवला, एकेक पडदा वाजवत वर गेले आणि खाली आले.

"हे पडदे कानानं लावलेत?"

"हो."

"माझ्याकडच्या माणसाला मोजपट्टी घेऊनही असे जमत नाहीत. असा हात मी फार वर्षांत पाहिला नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुणी केली?"

आजूबाजूला माणसं उभी होती. आर्थर चहा आणायला गेला होता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे कुणी अशा नजरेनं बघत होतं. चपलेच्या कातड्याची ती पात मला आठवली असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. मला काहीच आठवलं नाही. मी म्हणालो, "मी."

ते म्हणाले, "माझ्या दुरुस्तीच्या बाकड्यावर जागा आहे. सोमवारी या. तुमची हत्यारं घेऊन या."

माझ्याकडे हत्यारं नव्हती. साधा रंधाही मी कधी हातात धरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेतू माझ्या घरी आला. इतक्या सकाळी तो कधी येत नसे. गळ्याभोवती मफलर, हातात लीलाक्कानं दिलेला पोंगलचा, मुगाच्या खिचडीचा, डबा. तो इकडचं तिकडचं बोलला. मग डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत म्हणाला, "काल… कुणी काही म्हणालं का?"

"कशाबद्दल?"

"असंच. पडद्यांबद्दल वगैरे."

त्यानं नियम मोडला होता. सगळ्या वर्षांत एकदाच, आणि तोही किती हळू. मी तेव्हा सांगू शकलो असतो. दुकानदाराचं नाव, पत्ता, सोमवार, सगळं माझ्या जिभेवर होतं. पण सेतू तिथे गेला असता तर त्या पांढऱ्या सुटाला कळलं असतं की मी खोटं बोललो, आणि पेरंबूरच्या त्या हॉलमधल्या लोकांपर्यंतही ते पोचलं असतं. एवढंच माझं नुकसान होतं. दुसऱ्या बाजूला त्याचं सगळं आयुष्य होतं.

मी म्हणालो, "नाही रे. कुणी काही विचारलं नाही."

"सेरी," तो म्हणाला. "पोंगल गरम आहे तोवर खा."

"मी केली" हे मी मोहात बोललो, असं स्वतःला अनेकदा समजावलं आहे. तरुण होतो, टाळ्या डोक्यात गेल्या होत्या. पण "कुणी काही विचारलं नाही" हे मी शुद्धीवर बोललो. सकाळच्या उन्हात, भुकेल्या पोटी, मित्राच्या तोंडाकडे बघून. त्याला समजावणी नाही.

दुकानदारानं वाट पाहिली. पोंगलच्या सणानंतर आर्थरकडून निरोप आला, पंगुनीत, म्हणजे फाल्गुन-चैत्रात, पुन्हा एकदा. आर्थर गच्चीवर सगळ्यांसमोर काही बोलत नसे, खाली रस्त्यावर माझ्याबरोबर चालताना सांगे, "तो दुकानवाला तुझे हात मागतोय." मी दोन्ही वेळा म्हणालो, सरकारी नोकरी सोडून कोण जाईल? ते खरंही होतं. खऱ्या वाक्याच्या आडोशाला खोटं किती आरामात बसतं, ते मी त्या वर्षी शिकलो.

मे महिन्यात आर्थरचं म्हणणं खरं झालं. उन्हानं मेण मऊ पडलं आणि तिसरा पडदा तिरका होऊन सरकला. मी उकुलेले सेतूकडे नेली. त्यानं ती उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिला.

"म्हणूनच," तो म्हणाला.

"म्हणूनच काय?"

"हॉलमध्ये दिव्याखाली गरम झालं असेल. बेसूर वाजली असेल. म्हणून कुणी काही म्हणालं नाही." तो हसला. "मेण कुठे लावावं हे कळायला हवं ना, डा. माझा मामा मला गाढव म्हणायचा, ते उगाच नाही."

"अरे, नाही, तसं काही…"

"राहू दे. मी काय कारागीर आहे?"

मी एवढ्यावर गप्प बसलो. त्यानं तो पडदा पुन्हा बसवून दिला, आणि तेच त्याचं शेवटचं काम. पुढच्या रविवारी गेलो तर उरलेल्या मेणाचा गोळा लीलाक्का वितळवत होती, माव्हडूच्या बरणीचं झाकण बंद करायला. सेतूनंच दिला होता. माव्हडू म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं. त्या वर्षीचं लोणचं मी खाल्लं नाही. लीलाक्का म्हणाली, "फार मोठा झालास का रे, सरकारी माणूस?"

पुढे आर्थर ऑस्ट्रेलियाला मुलीकडे जायला निघाला. बंदरावर आम्ही त्याला पोचवायला गेलो. सेतू त्याची ट्रंक उचलायला पुढे गेला, तेव्हा आर्थरनं माझा दंड धरला.

"मी त्या दुकानवाल्याला काही सांगितलं नाही," तो म्हणाला. "नियम माझाच होता. करणाऱ्यानं नाव सांगायचं नाही, आणि आपण ओळखलं तर मनात ठेवायचं. मला वाटलं, तू सांगशील."

म्हणजे दोन्ही निरोप आणताना तो माझ्या सांगण्याचीच वाट बघत होता. बोटीचा भोंगा झाला आणि सगळे हात हलवू लागले, मीही हलवला.

सेतू निवृत्त होईपर्यंत त्या गोदामातच राहिला. रविवार हळूहळू मोडले; संसार, मुलं, बदल्या. पण मैत्री मोडली नाही, हे मला सगळ्यांत कठीण जातं. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला तो होता. माझ्या बायकोच्या आजारपणात रोज संध्याकाळी येऊन बसायचा, खोकला आला की उठून बाहेर जायचा, तिला त्रास नको म्हणून. मी दर वेळी ठरवायचो, आज सांगू. आठ वर्षांपूर्वी तो गेला. दवाखान्यात मी त्याच्या उशाशी होतो, आणि तेव्हाही आम्ही क्रिकेटबद्दल बोललो.

गेल्या मार्गळीत आमच्या तंजावर-मराठी मंडळींचं संमेलन झालं. माझ्या नातीनं कुणाला तरी ती उकुलेले दाखवली होती. घरात ती माझीच कलाकृती म्हणून मिरवत आली आहे. मी तसं कधी म्हटलं नाही, आणि कधी नाकारलंही नाही. संमेलनात मला व्यासपीठावर बोलावलं. "मद्रासमध्ये स्वतःच्या हातानं उकुलेले घडवणारे आपले किट्टू अण्णा" असं म्हणून खांद्यावर शाल घातली. मी नमस्कार केला. समोर तिसऱ्या रांगेत सेतूची मुलगी वसंती बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. ती सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होती.

या वर्षी जिन्यावर रांगोळीचा पहिला कागद दिसला, तेव्हा मी ती उकुलेले घेऊन तिच्याकडे गेलो. तीन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. तिनं कॉफी ठेवली. मी कॉफी होऊ दिली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं: हॉल, पांढरा सूट, "मी", पोंगलचा डबा. तिनं गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून ऐकत राहिली.

मी थांबलो तेव्हा ती म्हणाली, "अप्पा घरात एक खिळासुद्धा ठोकत नव्हते, मामा. खुर्चीचा पाय निघाला तर शेजारच्याला बोलवायचे. अम्मा चिडायची. ते म्हणायचे, माझ्या हाताला वळणच नाही."

मग तिनं उकुलेले घेतली, उलटी केली, आतला फणसाचा पिवळा रंग भोकातून बघितला. पडद्यांना हात लावला नाही.

"आम्हाला ते खरंच वाटायचं," ती म्हणाली. "आम्ही त्यांना हसायचो."

मी खाली बघत होतो. माफ कर म्हणायला आलो होतो, पण ते तिच्याकडे मागायचं नव्हतं हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

"लीलात्त्या नाही. अम्मा नाही. अप्पा तर नाहीतच," ती म्हणाली. "आता हे मी कुणाला सांगू, मामा?"

आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. मी चपला घातल्या, कठडा धरून दोन मजले उतरलो. उकुलेले वर तिच्याकडेच राहिली.

तिला ज्यांना सांगायचं होतं ते ऐकायला उरले नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतो. ती उकुलेले सेतुमाधवरावांनी केली होती. ज्याला कळत होतं अशा माणसानं ती पाहिली होती, आणि त्याला ती फार आवडली होती.